ट्रेनर विमानात ग्लो इंजिन बसवणं आणि थ्रॉटल जोडणं: नवीन मंडळींसाठी

रेडिओवर उडवायचं मॉडेल विमान तयार झालं, कव्हरिंग झालं, आता काय फक्त इंजिनच राहिलंय, असं म्हणून बरेच जण उत्साहात माउंट (इंजिन धरणारा कंस) फायरवॉलला (नाकातल्या पुढच्या लाकडी भिंतीला) आवळून टाकतात, मग टाकी आत ढकलतात, आणि मग लक्षात येतं की थ्रॉटलच्या पुशरॉडसाठी, म्हणजे कार्बोरेटर उघडबंद करणाऱ्या तारेसाठी, भोकच पाडलेलं नाहीये आणि आता ड्रिल घातलं तर ते सरळ टाकीत घुसणार. या कामात अवघड असं फारसं काही नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिनाची जागा पक्की, मग सगळी भोकं, मग इंधनापासून लाकडाचं संरक्षण, मग टाकी, आणि थ्रॉटलची जोडणी शेवटी, तीसुद्धा आधी हाताने आणि मग रेडिओने.

मी ४६ साइजचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या ग्लो प्लगवर चालणारं) आणि नेहमीचा हाय-विंग बाल्सा ट्रेनर (शिकायचं विमान) धरून लिहितोय. ४६ म्हणजे ०.४६ घन इंच, आपल्या हिशोबात साधारण साडेसात सीसी. तुमचं ४० असेल, म्हणजे साडेसहा सीसी, तरी सगळं असंच करायचं, फक्त माउंट आणि प्रॉप (प्रोपेलर) बघून घ्या.

सामान: ऍलन कीचा सेट, २.५, ३.३ आणि ४ मिमी ड्रिल, एम३ आणि एम४ टॅप (नसले तरी चालतं, पुढे सांगतो), बारीक कानस, गुण्या, पट्टी, मास्किंग टेप, थ्रेडलॉकर, अराल्डाइट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चांगली पक्कड. झेड-बेंडची खास पक्कड मिळते, असली तर मजा, नसली तर अडत नाही.

आधी इंजिन नीट बघा

आजकाल नवीन लोकांकडे बऱ्याचदा सेकंड हँड इंजिन येतं, कारण सगळे इलेक्ट्रिककडे गेलेत आणि जुनी ग्लो इंजिनं स्वस्तात मिळतात. जुन्या इंजिनात इंधनातलं एरंडेल तेल सुकून गोंदासारखं घट्ट झालेलं असतं आणि कार्बोरेटरचं बॅरल, म्हणजे त्याचं तोंड उघडबंद करणारा फिरता भाग, जाम होतं. ते बोटाने अगदी हलकं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर जोर लावू नका, थोडं इंधन सोडून तासभर ठेवा, ते पूर्ण पुसून उडून गेलं की हेअर ड्रायरने गरम करा, सुटतं. जाम बॅरलवर लिंकेज जोडून नंतर सर्व्होला (तार ओढणाऱ्या छोट्या मोटरला) दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट बघा, थ्रॉटल आर्म, म्हणजे बॅरल फिरवणारी छोटी दांडी, कुठल्या बाजूला आहे. इंजिन उभं बसवलं की सायलेन्सर साधारण उजवीकडे येतो, म्हणजे पायलटची उजवी, आणि थ्रॉटल आर्म बहुतेक वेळा डावीकडे. आर्मचा नट किंवा स्क्रू सैल करून तो हव्या त्या कोनात फिरवता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते पुशरॉडच वाकडातिकडा करत बसतात. काही कार्बोरेटरवर एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, तो इतका मागे घ्या की बॅरल पूर्ण बंद होईल. पूर्ण बाहेर काढू नका, काही मॉडेल्समध्ये तोच स्क्रू बॅरलला जागेवर धरून ठेवतो. बॅरल पूर्ण बंद झालं नाही तर रेडिओवरून इंजिन बंद करता येणार नाही, आणि चालू इंजिन बंद करायला जवळ हात घालायची वेळ येणं चांगलं नाही.

आता कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घाला आणि सायलेन्सर काढला असेल तर तिथल्या तोंडावर टेप लावा. पुढे ड्रिलिंग आहे, नायलॉनचा आणि लाकडाचा भुसा उडणार, तो आत गेला की पिस्टन आणि स्लीव्हची वाट लागते.

माउंट आणि त्याची जागा

फायरवॉलवर उभी आणि आडवी मध्यरेषा काढा. पण प्लॅन बघितल्याशिवाय माउंट बरोबर मध्यावर लावू नका. ट्रेनरमध्ये इंजिनाला थोडा राइट थ्रस्ट आणि डाउन थ्रस्ट दिलेला असतो, बहुतेक वेळा २-३ अंश, म्हणजे नाक किंचित उजवीकडे आणि किंचित खाली. कित्येक किटमध्ये फायरवॉलच तिरकी चिकटवलेली असते. नाक उजवीकडे वळलं की प्रॉपचा शाफ्टही पुढे उजवीकडे सरकतो, म्हणून माउंट मध्यरेषेच्या जरा डावीकडे लावायचा, मग स्पिनर बरोबर मध्यावर येतो. फायरवॉल वाकडी बसलीये असं वाटून वॉशर घालून ती 'सरळ' करायला जाऊ नका, ती मुद्दाम तशी आहे.

माउंटची चार भोकं मारा, मागच्या बाजूने ब्लाइंड नट बसवा. हातोडीने ठोकू नका, प्लाय फाटतं. समोरून बोल्ट आणि मोठा वॉशर घालून आवळत गेलं की नटाचे दात आपोआप लाकडात ओढले जातात. मग नटाच्या कडेने अराल्डाइटचा छोटा थेंब. त्याआधी आट्यांत थोडं व्हॅसलीन लावून ठेवा, नाहीतर अराल्डाइट आत शिरतं आणि बोल्ट कायमचा अडकतो. एकदा टाकी बसली की त्या नटापर्यंत हात पोचत नाही, म्हणून हे आत्ताच नीट करा.

आता इंजिन माउंटच्या दोन दांड्यांवर ठेवा. फायरवॉलपासून प्रॉपच्या मागच्या वॉशरपर्यंतचं अंतर प्लॅनमध्ये दिलेलं असतं, तेवढं मोजा, गुण्या लावून इंजिन सरळ आहे ना बघा, क्लॅम्पने धरा, आणि इंजिनाच्या कानांच्या भोकांतून माउंटवर खुणा करा. खूण मध्यभागीच यायला हवी, म्हणून कानाच्या भोकात बरोब्बर बसेल असं ड्रिल हाताने दोन-चार वेळा फिरवून फक्त छोटा खड्डा पाडा, मग इंजिन काढून बारीक ड्रिलने भोक मारा. ड्रिल उभं राहिलं पाहिजे. ड्रिल स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर शेजारी गुण्या उभा करून एकाला बाजूने बघायला सांगा.

एम३ साठी २.५ चं भोक आणि आटे पाडा, एम४ साठी ३.३ चं. माझा स्वतःचा कल मात्र आरपार भोक मारून खाली नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) लावण्याकडे. नायलॉनमधले आटे दोन-तीनदा इंजिन काढलं-घातलं की जातात, आणि ४६ ची थरथर काही कमी नसते. इंजिन जरासुद्धा हललं तरी टाकीत इंधनाचा फेस होतो, फेस म्हणजे हवा, हवा गेली की इंजिन लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त), तापतं आणि नेमकं टेकऑफला बंद पडतं. लोक मग नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवत बसतात आणि मूळ कारण चार सैल बोल्ट असतात. थ्रेडलॉकर फक्त धातूला धातू लागतो तिथे, नायलॉक नटाला लागत नाही.

भोकं, सगळी एकदमच

इंजिन तात्पुरतं आवळलेलं असतानाच फायरवॉलवर बाकीच्या खुणा करून घ्या: टाकीच्या मानेचं किंवा नळ्यांचं भोक आणि थ्रॉटलच्या बाहेरच्या नळीचं.

थ्रॉटलचं भोक कुठे? कार्बोरेटरच्या आर्मपासून सरळ मागे रेघ ओढा. बॅरल अर्धं उघडं ठेवा, आर्मच्या भोकात एक सरळ तार धरा, ती फायरवॉलला जिथे लागेल तिथे खूण. मग आत डोकावून बघा की ती नळी टाकीच्या बाजूने जाईल की टाकीवर आदळेल. आदळत असेल तर खूण जरा बाहेर घ्या, आर्मचा कोन बदला, नळीला लांब आणि हळुवार वळण द्या. आखूड वळण दिलंत की तार आत घासते आणि मग कितीही तेल घाला, ती अडकतच राहते.

भोकं झाली की इंजिन, माउंट सगळं काढा. कंटाळा करू नका. अराल्डाइटमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पातळ करा आणि ब्रशने फायरवॉल, भोकांच्या आतल्या कडा, टाकीचा कप्पा, सगळं रंगवून घ्या. ब्लाइंड नटांच्या आट्यांत मात्र जाऊ देऊ नका. इंधनातलं मिथेनॉल आणि तेल लाकडात मुरलं की लाकूड मऊ होतं, चिकटवलेलं सुटतं, आणि एक दिवस इंजिन फायरवॉलसकट पुढे निघून येतं. एक रात्र सुकू द्या.

टाकी

४६ ला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटरची टाकी. उंची सगळ्यात महत्त्वाची: टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या स्प्रेबारच्या (इंधन सोडणाऱ्या आडव्या नळीच्या) पातळीत किंवा त्याच्या ५ ते १० मिमी खाली. टाकी वर असली तर भरल्या भरल्या इंधन आपोआप इंजिनात उतरतं, फार खाली असली तर नाक वर केल्यावर इंजिन लीन होतं.

आतला क्लंक, म्हणजे नळीच्या टोकाचं वजन, सगळीकडे मोकळा हलला पाहिजे पण टाकीच्या मागच्या भिंतीला टेकता कामा नये. टाकी हातात घेऊन उलटीपालटी करा, आवाजावरूनच कळतं. एक नळी कार्बोरेटरला, दुसरी सायलेन्सरच्या प्रेशर निपलला. दोन्हींना वेगळ्या रंगाची सिलिकॉन नळी लावा. टाकीभोवती फोम गुंडाळा, कोंबून नाही, सैलसर. पेट्रोल इंजिनवाल्यांनी सिलिकॉन नळी वापरू नये, पेट्रोलने ती फुगते.

पुशरॉड

थ्रॉटलवर लोड जवळजवळ नसतो, म्हणून इथे जाड रॉडची गरजच नाही. नायलॉनची बाहेरची नळी आणि आत १ ते १.५ मिमी पियानो वायर किंवा वळलेली स्टीलची केबल, एवढं पुरतं. नायलॉनच्या आत नायलॉन असलेले पुशरॉड पण मिळतात, पण ते उन्हात लांबी बदलतात. एप्रिल-मेमध्ये माळरानावर दुपारी विमान उभं असेल तर सकाळी लावलेलं आयडल (इंजिनाची सर्वात मंद चाल) तुम्हाला परत सापडणार नाही. थ्रॉटलला तार बरी.

आपल्याकडे सायकलचे स्पोकही वापरतात आणि वाईट नसतात. नेहमीच्या १४ गेजच्या, २ मिमी जाड स्पोकचे आटे दोन-छप्पनच्या (२-५६ आट्यांच्या) क्लेव्हिसला, म्हणजे टोकाच्या चिमट्यासारख्या जोडाला, चालतात, एम२ च्या क्लेव्हिसवर मात्र जबरदस्ती करू नका, आटे जातील. स्पोक सरळ जाणार असेल तरच, वळणाला तो उपयोगाचा नाही.

बाहेरची नळी चिकटवायच्या आधी सँडपेपरने खरवडा, गुळगुळीत नायलॉनला काहीच चिकटत नाही. फायरवॉलला अराल्डाइटने पक्की करा, आत प्रत्येक फॉर्मरला (विमानाच्या आतल्या आडव्या लाकडी चौकटीला) किंवा साधारण १०-१५ सेंमीवर आधार द्या. नळी मोकळी राहिली तर सर्व्हो ढकलेल तेव्हा आधी नळीच वाकेल आणि कार्बोरेटर जागचा हलणार नाही. दोन्ही टोकांना तार थोडी उघडी ठेवा, पण सर्व्होच्या बाजूला २-३ सेंमीपेक्षा जास्त नको, ढकलताना ती धनुष्यासारखी वाकते.

कार्बोरेटरच्या टोकाला दोन पर्याय. एक, झेड-बेंड: तारेला दोन काटकोनी वळणं, साध्या पकडीनेही होतं, आर्म सुटा करून त्यात अडकवायचा. दोन, नायलॉन क्लेव्हिस, त्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवून, म्हणजे थरथरीने उघडणार नाही. मी नवीन माणसाला क्लेव्हिस सांगतो, कारण लांबी नंतर फिरवून कमी-जास्त करता येते. धातूच्या आर्मला धातूचा क्लेव्हिस नको. जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओत धातूवर धातू घासून रिसीव्हरमध्ये गोंगाट व्हायचा. २.४ गिगाहर्ट्झवर तो त्रास फारसा नाही, पण भोक झिजतंच.

एक बारीक गोष्ट, जी बॉक्समधल्या कागदावर सहसा ठळक लिहिलेली नसते: दोन नीडलच्या कार्बोरेटरमध्ये बॅरल फिरताना थोडं आडवंही सरकतं, त्यावरच आयडलचं मिश्रण ठरतं. म्हणजे आर्मसुद्धा आत-बाहेर जातो. म्हणून त्या टोकाला किंचित सैलपणा हवा, अगदी घट्ट बसवलेला जोड मधेच अडकेल.

सर्व्होच्या टोकाला स्क्रूवाला कनेक्टर लावा, ज्यात तार घालून ग्रब स्क्रू आवळतात. तारेवर स्क्रू टेकतो तिथे कानशीने जरा सपाट करा. सर्व्हो बसवताना रबरी ग्रोमेट आणि पितळी बुश घाला, बुशची रुंद कड लाकडाच्या बाजूला.

आता सर्व्होचा आर्म न लावता, रेडिओ बंद ठेवून, तार हाताने पुढे-मागे करा. पूर्ण उघडं, पूर्ण बंद, दोन बोटांत सहज. कुठे अडकत असेल तर इथेच थांबा आणि कारण शोधा. हातात अडकणारी तार सर्व्होकडून मोकळी होत नाही, तो फक्त जोर लावतो आणि बॅटरी खातो.

सर्व्हो आणि रेडिओ

ट्रान्समीटर चालू, मग रिसीव्हर. थ्रॉटल स्टिक मध्यावर, ट्रिम (स्टिकशेजारचं बारीक समायोजन) मध्यावर, एंड पॉइंट (सर्व्हो किती फिरेल ती मर्यादा) दोन्हीकडे १०० टक्के. सर्व्होचा आर्म पुशरॉडशी काटकोनात येईल असा बसवा. कार्बोरेटर हाताने अर्धा उघडा करा आणि ग्रब स्क्रू आवळा, अजून पूर्ण नाही, तात्पुरता.

स्टिक हळूच वर न्या. उलटं फिरलं तर रेडिओमधून रिव्हर्स करा. काही कंपन्यांच्या रेडिओत थ्रॉटल रिव्हर्स करावाच लागतो, बिघाड वगैरे काही नाही. स्टिक पुढे म्हणजे उघडं, स्टिक मागे म्हणजे बंद, यात तडजोड नाही.

आता खरं काम. स्टिक पूर्ण वर असताना बॅरल बरोब्बर पूर्ण उघडलं पाहिजे आणि सर्व्हो गुणगुणता कामा नये. स्टिक खाली आणि ट्रिम मध्यावर असताना कार्बोरेटरच्या तोंडात साधारण १ मिमी फट हवी, १ मिमीचं ड्रिल रिकाम्या बाजूने घालून बघा. आणि ट्रिम पूर्ण खाली घेतला की पूर्ण बंद. बहुतेक रेडिओत थ्रॉटलचा ट्रिम फक्त खालच्या टोकाला काम करतो, वरचं टोक हलत नाही, ते याचसाठी.

सर्व्हो गुणगुणतोय, म्हणजे बॅरल संपलं तरी तो ढकलतोय. इथे सगळे धावत एंड पॉइंटकडे जातात आणि १०० चे ५० करून टाकतात. चालतं, पण मग सर्व्होची अर्धी हालचाल वाया जाते आणि आयडलला ट्रिमची एक टिक खूप मोठी उडी मारते. आधी भोकं बदला. हालचाल जास्त होत असेल तर सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक घ्या किंवा कार्बोरेटरच्या आर्मवर बाहेरचं. कमी पडत असेल तर उलट. सर्व्हो साधारण ९० अंशाच्या आसपास फिरतो, बॅरलला ६० ते ९० अंश लागतात, त्यामुळे दोन्ही आर्मची लांबी जवळपास सारखी किंवा सर्व्होची थोडी कमी ठेवून सुरुवात करा. राहिलेला फरक मग एंड पॉइंटने काढा.

ग्लो इंजिनाची बरीचशी ताकद स्टिकच्या पहिल्या अर्ध्या भागातच येते, वरच्या अर्ध्यात फारसं काही वाढत नाही. हे खटकत असेल तर सर्व्होचा आर्म एक-दोन दाते सरकवून असा लावा की आयडलला तो पुशरॉडच्या रेषेकडे झुकलेला असेल. तिथे सर्व्हो फिरला तरी तार कमी सरकते, म्हणजे आयडलजवळ बारीक कंट्रोल मिळतो. रेडिओत थ्रॉटल कर्व्ह असेल तर त्यानेही होतं. पहिल्या ट्रेनरला मात्र याच्या मागे लागू नका.

शेवटी फेलसेफ. सिग्नल तुटला तर थ्रॉटल खाली आलं पाहिजे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे बाइंड करताना (रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडताना) स्टिक जिथे असेल तिथे सेट होतं, म्हणून बाइंड करताना स्टिक खाली. इंजिन बंद असताना ट्रान्समीटर बंद करून डोळ्यांनी खात्री करा.

पहिल्यांदा सुरू करताना

४६ ला ११x६ (इंचात व्यास x पिच) प्रॉप, ४० ला १०x६. कार्बोरेटरमधला बोळा काढला का? परत बघा. कोणीतरी विमान मागून धरलेलं हवं. प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, नीडल फिरवायची तर मागून, स्टार्टर नसेल तर बोटाऐवजी चिकन स्टिक (प्रॉप फिरवायची जाड काठी). मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून इंधनाचा डबा ग्लो इग्नायटर आणि स्टार्टरपासून लांब.

रनिंग-इन (नवीन इंजिन हळूहळू रुळवणं) इंजिनासोबत आलेल्या कागदाप्रमाणे करा, सुरुवातीच्या टाक्या रिच (इंधन जास्त) ठेवून. इंजिन चालू असताना स्टिक सावकाश वर-खाली करा. आयडलवरून वर नेताना इंजिन गुदमरत असेल तर ते मिश्रणाचं काम आहे, लिंकेजचं नाही. पण स्टिक न हलवता आवाज आपोआप वर-खाली होत असेल तर तार किंवा क्लेव्हिस थरथरीने नाचतोय, आधार वाढवा.

पहिल्या दोन-तीन टाक्या झाल्या, इंजिन गार झालं की माउंटचे चार, इंजिनाचे चार आणि सायलेन्सरचे बोल्ट परत एकदा आवळा, नायलॉन माउंट गरम होऊन थोडा दबतोच. त्याच वेळी सर्व्होच्या कनेक्टरचा ग्रब स्क्रू पण आवळा. तो सैल झाला की तार त्यातून सरकते आणि आयडल बदलतं. पुढे कधी आयडल अचानक बिघडलं तर नीडलला हात लावण्याआधी तो स्क्रू बघा.